गालिचा समुद्रपुष्पाचे संगोपन

आंतरगुही संघाच्या पुष्पजीव वर्गातील स्टिकोडॅक्टिला या वंशाच्या मोठ्या समुद्रपुष्पांना ‘गालिचा समुद्रपुष्पे’ असे म्हणतात. यांच्या देहाचा वरचा भाग पसरट चकतीसारखा असून तो आखूड व अतिशय दाट संस्पर्शकांनी झाकलेला असतो. त्यामुळे तळावर जाड गालिचा अंथरल्याचा भास होतो. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उष्ण, उथळ पाण्यात ती आढळतात. स्टि. जायगँटिया या जातीची चकती सुमारे ५० सेंमी., स्टि. हॅडोनायची ८० सेंमी.पर्यंत, तर स्टि. मर्टेन्सायची १ मी.पेक्षाही अधिक रुंद होते. संस्पर्शकांवर असंख्य दंशकोशिका असतात. पहिल्या दोन जातींचे संस्पर्शक इतके चिकट असतात की, हात लावून मागे घेतला तर ते देहापासून तुटून बोटालाच चिकटून येतात. लहान मासे व कोळंबीसारखे प्राणी त्यांत सापडले की, मध्यभागी असलेल्या मुखाकडे ओढले जातात. असे असूनही ॲम्फिप्रिऑन वंशाचे विदूषक मासे या संस्पर्शकांत निर्धास्तपणे वावरतात, तेथेच झोपतात व समुद्रपुष्पाच्या पायथ्याशी अंडी घालतात. हा देखावा काचेच्या टाकीत उभा करण्याच्या खटपटीचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्यात मासा लवकर माणसाळला. समुद्रपुष्प मात्र आजही पुरतेपणी माणसाळलेले नाही.

स्टि. जायगँटियाचे पहिले शास्त्रीय वर्णन पेटर फॉर्सकॉल या निसर्गशास्त्रज्ञाने केले. अरबस्तानात गेलेल्या डॅनिश मोहिमेत त्याचा १७६३ मध्ये येमेनात मृत्यू झाला. मोहिमेतून जिवंत परतलेला एकमेव सदस्य कार्स्टन नीबूर याने त्याची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. (हाच नीबूर १७६३-६४ मध्ये मुंबईत राहिला होता व घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे आणि चित्रे त्याने केली होती.) फॉर्सकॉलपुढे असलेले प्राणी तांबड्या समुद्रातील होते. ते जिवंत ठेवून पाहण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

हे साधन इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तयार झाले. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. त्यांच्या घरातील मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे व त्यायोगे पाण्यात हवा मिसळत असे. घरगुती सागरी जलजीवालयाचा आरंभ पाहू गेल्यास तो या अनामिक मोलकरणीच्या कष्टांत सापडतो. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधला, तर पाणी न बदलता टाकी टिकते हे दाखविले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा जलजीवालयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची कृतीही होती. समुद्रपुष्पे हे त्या काळच्या हौशी लोकांचे आवडते प्राणी होते. जॉन ग्रॅहॅम डॅलिएल याने १८२८ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेले एक साधे लाल समुद्रपुष्प मालकामागून मालक बदलीत १८८७ पर्यंत एडिंबरोत जगले. डॅलिएल स्वतः १८५१ मध्येच वारला होता. ‘आजी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्राण्याचे आयुष्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. समुद्रपुष्पाचे वय माणसाच्या मापाने मोजता येत नाही, हे त्यावरून दिसून आले. या हौसेला दुसरी बाजूही होती. गॉसची पुस्तके हाती घेऊन लोकांनी डेव्हनची खडकाळ डबकी अक्षरशः ओरबाडून काढली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मपर ग्रंथात याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

थंड पाण्यातील या प्राण्यांचा अनुभव उष्ण समुद्रातील गालिचा समुद्रपुष्पाच्या बाबतीत फारसा उपयोगी पडला नाही. कथबर्ट कॉलिंगवुड याने दक्षिण चिनी समुद्रात सुमारे ६० सेंमी. रुंदीची समुद्रपुष्पे व त्यांच्या आत राहणारे मासे पाहिले आणि १८६८ मध्ये त्यांची नोंद केली. विल्यम सॅव्हिल-केंट हा पूर्वी इंग्लंडमधील सार्वजनिक जलजीवालयांत काम केलेला शास्त्रज्ञ होता. त्याने १८९३ च्या ऑस्ट्रेलियन प्रवाळभित्तीवरील ग्रंथात अशा जोड्यांची रंगीत चित्रे दिली, स्टि. हॅडोनाय हे नावही त्याचेच. परंतु या सहजीवनाचा टाकीतील अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो डच अमलाखालील जावा बेटावर, बटाव्हिया (आताचे जाकार्ता) येथे. उपसागर दारातच असल्याने ताजे पाणी व जिवंत प्राणी हवे तेव्हा मिळत आणि पाणी तापविण्याचाही प्रश्न नव्हता. सी. पी. स्लाउटर याने १८८८ मध्ये टाकीतील निरीक्षणांवरून, समुद्रपुष्पाचा आश्रय नसलेला मासा इतर माशांना बळी पडतो, असे दाखविले. यान फर्वे याने त्याच उपसागरातील माशांचे मीलन, अंडी घालणे, नराने केलेली अंड्यांची राखण यांचे सविस्तर वर्णन १९३० मध्ये प्रसिद्ध केले. अन्नाचे तुकडे मासा समुद्रपुष्पाकडे नेतो, हेही त्याने नोंदविले आहे.

विदूषक माशाला दंश का होत नाही, हे कोडे दीर्घकाळ सुटले नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हनपोर्ट व नॉरिस यांनी गालिचा समुद्रपुष्पावरच प्रयोग करून १९५८ मध्ये सांगितले की, संरक्षण माशाच्या अंगावरील श्लेष्म्यात असते आणि नवा मासा संस्पर्शकांना हळूहळू स्पर्श करीत सरावतो. हा श्लेष्मा मूळचाच वेगळा की समुद्रपुष्पापासून घेतलेला, यावर पुढे बरीच मतभिन्नता झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात विदूषक माशाच्या श्लेष्म्यात सायलिक अम्लाचे प्रमाण फार कमी असल्याचे आढळले असून दंशकोशिका न सुटण्याशी त्याचा संबंध जोडला आहे. हौशी माणसाच्या दृष्टीने यातून निघणारी व्यावहारिक गोष्ट साधी आहे. हे संरक्षण विदूषक मासे, तीन ठिपक्यांच्या डॅसिलसची पिले व काही थोडे मासे यांनाच लाभलेले असते. टाकीतील अन्य लहान मासा गालिच्यावर विसावला की तो त्याचे भक्ष्य होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतुकीमुळे उष्ण समुद्रांतील मासे यूरोप-अमेरिकेतील घरांत पोहोचू लागले. त्या काळातील संगोपन समुद्रपुष्पाला घातक होते, याची कारणे आज स्पष्ट आहेत. पहिले कारण प्रकाश. समुद्रपुष्पाच्या ऊतकांत एककोशिक शैवले राहतात. कार्ल ब्रांट याने १८८१ मध्येच त्यांना झूझँथेला हे नाव दिले होते. शैवलांनी प्रकाशसंश्लेषणाने केलेल्या अन्नावर यजमानाचे पोषण मोठ्या प्रमाणात चालते. एखाद-दुसऱ्या नळीदिव्याखाली ती नाहीशी होत, गालिचा पांढरा पडे, आक्रसत जाई आणि काही महिन्यांत मरे. दुसरे कारण औषध. माशांवरील परजीवींसाठी वापरण्यात येणारे मोरचूद माशाला वाचवी, पण समुद्रपुष्पाला मारी. एकाच टाकीत दोघांना ठेवणाऱ्याला आजारपणात त्यांतील एकाचीच निवड करावी लागे. बहुतेक जण माशाची करीत. तिसरे कारण पाणी. माशांच्या मलातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणारे सूक्ष्मजंतू व्हिनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास वेगळे केले होते. टाकी भरल्यावर हे जंतू स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, ही गोष्ट मात्र घरोघरी पोहोचण्यास आणखी सत्तर वर्षे गेली.

यातून बाहेर पडण्याची पहिली वाट पुन्हा जाकार्तातच सापडली. तेथील ली चिन एंग या संगोपकाने १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात आपली पद्धती मांडली. समुद्राचे ताजे पाणी, सजीवांनी भरलेले प्रवाळखडक, भरपूर उजेड आणि हवेचे संथ बुडबुडे एवढ्यावर तो जिवंत प्रवाळ व समुद्रपुष्पे ठेवीत असे. गाळणयंत्र वापरीत नसे. पाश्चात्त्य वाचकांना ते पुष्कळ काळ साधले नाही, कारण त्यांच्यापाशी ना तो समुद्र होता, ना तो सूर्य. जर्मनीत ही उणीव उपकरणांनी भरून काढली गेली. पीटर व्हिल्केन्स याचा उष्ण समुद्रांतील अपृष्ठवंशी प्राण्यांवरील ग्रंथ १९७३ मध्ये निघाला. जिवंत खडक, फेसाबरोबर सेंद्रिय मल बाहेर काढणारे उपकरण आणि प्रखर धातुहॅलाइड दिवे यांची सांगड पुढे ‘बर्लिन पद्धती’ म्हणून जगभर रूढ झाली. गालिचा समुद्रपुष्प टाकीत वर्षानुवर्षे जगण्याची शक्यता येथून सुरू झाली. दरम्यान संशोधनाने लाभाची बाजूही उघड केली: माशाच्या मलातील नायट्रोजन शैवलांना पोसतो आणि रात्री त्याच्या हालचालींमुळे समुद्रपुष्पाभोवतीचे पाणी खेळते राहते. मासे असलेली समुद्रपुष्पे जलद वाढतात, असे आढळले आहे.

भारतात सागरी जलचरांचे सार्वजनिक दर्शन मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने घडविले. त्याचे उद्‌घाटन १९५१ मध्ये झाले. मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्रपुष्पांचा शास्त्रीय अभ्यास ए. एच. परुळेकर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. मन्नारचे आखात व अंदमान येथे स्टि. हॅडोनाय आणि ॲ. सेबी ही जोडी आढळते. विदूषक माशांच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २००० नंतरच्या दशकात विकसित केले.

हे प्रजनन फ्लॉरिडात मार्टिन मो याने १९७३ मध्येच व्यापारी पातळीवर साधले होते. टाकीत जन्मलेला विदूषक मासा समुद्रपुष्पाशिवाय उत्तम जगतो, कारण तेथे त्याला भक्षकच नसतो. म्हणजे माशासाठी समुद्रपुष्प आणण्याची गरज उरलेली नाही. ते आणले जाते पाहणाऱ्यासाठी. बुडबुड्यांसारखी टोके असलेले एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर हे समुद्रपुष्प टाकीत आपोआप दुभंगते व त्यामुळे त्याची पैदास करता येते. गालिचा जाती मात्र क्वचितच दुभंगतात आणि विक्रीस येणारे बहुतेक प्राणी समुद्रातूनच काढलेले असतात. त्यांची वाढ मंद व आयुष्य फार दीर्घ, त्यामुळे काढलेली जागा लवकर भरून येत नाही. फिलिपीन्समधील सेबू भागाच्या पाहणीत (२००५) जेथे पकड चालते तेथे समुद्रपुष्पे व मासे या दोहोंची संख्या कमी आढळली. काही व्यापारी पांढरे पडलेले प्राणी पिवळ्या किंवा गुलाबी रंगात बुडवून विकतात. असा रंगीत गालिचा म्हणजे उपासमारीला लागलेला प्राणी होय, हे ओळखणारे ग्राहक थोडेच. २००३ च्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटाने विदूषक माशांची मागणी भडकली, असे सर्वत्र म्हटले जाते. नंतरच्या अभ्यासांना त्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. व्यापार त्याआधीच मोठा होता.

ज्या उपसागरात स्लाउटर, फर्वे व ली यांनी हे प्राणी पाहिले, तेथील किनाऱ्याजवळच्या प्रवाळभित्ती महानगराचा गाळ, सांडपाणी आणि दगड-वाळूचा उपसा यांमुळे विसाव्या शतकातच बहुतांशी मृत झाल्या. काही लहान बेटे तर पाण्याखाली गेली आहेत. फर्वेच्या नोंदी त्या भित्तींच्या पूर्वस्थितीचा पुरावा म्हणून आता संशोधक वापरतात.