उवा, शाळा आणि नववा दिवस

एखाद्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की आपल्याकडे तिला मागच्या बाकावर एकटीला बसवले जाते, नाहीतर ‘डोके साफ झाल्यावरच पाठवा’ असा निरोप देऊन घरी धाडले जाते. कधी परिपाठात सगळ्यांसमोर तिचे नावही घेतले जाते. या वागण्यामागचा समज असा की, उवा आज आल्या आहेत आणि मुलीला आज दूर केले की वर्ग वाचेल. उवांचे जीवनचक्र पाहिले तर हा समज टिकत नाही.

पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला खाज सुटायलाच चार ते सहा आठवडे लागू शकतात. ही खाज म्हणजे उवेच्या लाळेला शरीराने दिलेली प्रतिक्रिया, आणि ती उमटायला वेळ लागतो. मुलगी डोके खाजवताना बाईंना दिसते, तोवर बहुधा काही आठवडे ती त्याच मैत्रिणींच्या डोक्याला डोके लावून बसलेली असते. मग मधल्या सुट्टीत दप्तर देऊन तिला घरी पाठवल्याने काय साधणार? ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत पलीकडे जाते. टोपी किंवा कंगव्यातून प्रसार होतो तो क्वचितच, कारण डोक्यावरून खाली पडलेली ऊ रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती सुखाने राहते, त्यामुळे उवा म्हणजे घरची अस्वच्छता हा आरोप निराधार आहे. शिवाय डोक्यातली ऊ कोणताही रोग पसरवत नाही. टायफस पसरवते ती कपड्यांच्या शिवणीत राहणारी ऊ.

तपासणीतही मोठी गफलत होते. मादी आपले अंडे, म्हणजे लीख, केसाच्या मुळाशी चिकटवते. सात ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर पडते आणि रिकामे कवच केसाबरोबर वर सरकत राहते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूपासून त्याहून दूर असलेली लीख बहुतेक वेळा रिकामी असते. नेमक्या याच पांढऱ्या लिखा लांबून चमकतात आणि मुलगी दोषी ठरते. जिवंत लीख तपकिरी, केसांत मिसळून जाणारी असते. कोंडा बोटाने ओढला की निसटतो, लीख जागची हलत नाही. खरी तपासणी अशी : केस ओले करून किंवा तेल लावून कानांमागून व मानेपासून बारीक दातांची फणी फिरवायची आणि प्रत्येक वेळी ती पांढऱ्या कागदावर पुसायची. कागदावर चालणारी ऊ दिसली तरच उपचार.

अमेरिकेत ‘एकही लीख चालणार नाही’ असा नियम अनेक शाळांनी वर्षानुवर्षे पाळला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, त्याला विरोध केला. उवा-लिखांमुळे कोणत्याही निरोगी मुलाची शाळा बुडवू नये, ही भूमिका तिने २०२२च्या अहवालातही कायम ठेवली. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्लाही हाच आहे.

मग शाळेने करायचे काय? मुख्य गोष्ट तारखांची आहे. पर्मेथ्रिनसारखे औषध उवा मारते, सगळ्या लिखा मारत नाही. उरलेल्या लिखांतून पुढच्या आठवडा-दीड आठवड्यात पिल्ले निघतात आणि त्यांना अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. दुसरी मात्रा साधारण नवव्या दिवशी दिली, तर बहुतेक सगळी पिल्ले बाहेर आलेली असतात, पण एकीनेही अंडे घातलेले नसते. औषध नको असेल त्यांनी ओल्या केसांतून फणी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी काळजीपूर्वक फिरवावी. आपल्याकडे पहिल्या धुण्यानंतरच पालक निर्धास्त होतात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सुरू होते. दोष मुलीला लागतो; चूक असते राहून गेलेल्या दुसऱ्या मात्रेची.

आश्रमशाळा आणि कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. तिथे मुली शेजारी शेजारी झोपतात, म्हणून एकीवर केलेला उपचार फुकट जातो. सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी व्हावी, जिच्या डोक्यात जिवंत ऊ सापडेल ती आणि तिच्या अंथरुणात झोपणारी अशा दोघींना त्याच दिवशी औषध लावावे आणि नवव्या दिवशी ते पुन्हा लावावे. याऐवजी सरसकट केस कापणे सोयीचे वाटते. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने मानसिक छळाला बंदी घातली आहे. मुलीच्या मनाविरुद्ध तिचे केस कापणे हा माझ्या मते तसाच छळ आहे.

रॉकेल डोक्याला कधीही लावू नये. ते पेट घेते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होते, तेव्हा तीही टाळावी.

मुख्याध्यापकांना विनंती आहे : पुढच्या पालकसभेत कुणाचेही नाव न घेता, पहिल्या आणि दुसऱ्या उपचाराची तारीख लिहिलेली एकच चिठ्ठी वर्गातल्या प्रत्येक घरी पाठवा, आणि ज्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या तिला त्या दिवशीचा शेवटचा तासही वर्गातच बसून शिकू द्या.