लिनक्स : अपग्रेड आणि क्लीन इन्स्टॉल

संगणकावर चालत असलेल्या लिनक्स प्रणालीची जुनी आवृत्ती सोडून नवी घेण्याच्या दोन पद्धती. प्रणाली न पुसता तिच्यातील पॅकेजे जागच्या जागी बदलत नेणे, ही अपग्रेडची पद्धत. प्रणालीचे पार्टिशन पुसून नवी आवृत्ती मुळापासून बसवणे, ही क्लीन इन्स्टॉलची. बोलण्यात दुसरीला ‘फॉरमॅट मारून नवीन टाकणे’ असेही म्हणतात. अपग्रेडमध्ये त्या संगणकाचा आजवरचा इतिहास पुढे चालत येतो. क्लीन इन्स्टॉलमध्ये तो तिथेच थांबतो. हा इतिहास जपण्याजोगा आहे का, या प्रश्नाच्या उत्तरावर दोहोंतील निवड अवलंबून असते.

अपडेट आणि अपग्रेड : हे दोन शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात. अपडेटमध्ये त्याच आवृत्तीतील सुरक्षा दुरुस्त्या व लहान सुधारणा येतात. डेबियन १२ हे डेबियन १२च राहते. अपग्रेडमध्ये आवृत्तीच बदलते आणि तिच्याबरोबर कर्नल (प्रणालीचा गाभा), सी लायब्ररी, डेस्कटॉप, पायथॉन, डेटाबेस अशी जवळजवळ सर्व पॅकेजे बदलतात. अपडेट नियमित व शक्यतो लगेच करावे लागते. अपग्रेडची वेळ मात्र आधाराची, म्हणजे दुरुस्त्या मिळत राहण्याची, मुदत संपण्यापूर्वी आपल्या सोयीने निवडता येते.

पार्श्वभूमी : हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लिनक्स या आपल्या कर्नलची घोषणा केली. पुढे कर्नल, ग्नू साधने व इतर कार्यक्रम एकत्र बांधून वितरणे तयार झाली. स्लॅकवेअर आणि डेबियन ही दोन्ही १९९३ मधली आणि दोन्ही आजही चालू आहेत. सुरुवातीला वितरण फ्लॉपींच्या गठ्ठ्यावरून बसवले जाई. नवी आवृत्ती आली की पुन्हा सगळे बसवणे, हाच तेव्हाचा सरळ मार्ग होता. प्रत्येक फाइल कोणत्या पॅकेजची आणि कोणते पॅकेज कशावर अवलंबून, याची नोंद ठेवणारे पॅकेज व्यवस्थापक आल्यावर चित्र बदलले. मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर एपीटी हे साधन आले. ते अवलंबित पॅकेजे स्वतः शोधून योग्य क्रमाने उतरवू लागले आणि चालू प्रणाली इंटरनेटवरून नव्या आवृत्तीवर नेणे सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आले.

अपग्रेडची प्रक्रिया : डेबियनमध्ये पॅकेजे जिथून येतात त्या भांडारांच्या यादीत जुन्या आवृत्तीचे नाव काढून नव्याचे लिहितात, पॅकेजांची सूची ताजी करतात आणि दोन टप्प्यांत पॅकेजे बदलतात. पहिल्या टप्प्यात नवी पॅकेजे न घालता आणि जुनी न काढता जेवढी बदलता येतील तेवढी बदलली जातात. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण अपग्रेड होते. उबंटूमध्ये हे काम एकच साधन करते. ते बाहेरची भांडारे आधी बंद करते. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचमधून चालवले, तर मधेच जोडणी तुटल्यास आत शिरता यावे म्हणून ते १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरे दार उघडून ठेवते. फेडोरामध्ये डीएनएफ हे पॅकेज साधन सर्व पॅकेजे आधी उतरवून घेते आणि संगणक पुन्हा सुरू करून, इतर काहीही चालू नसताना ती बसवते. वापरात असलेली लायब्ररी पायाखालून निघून जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.

या प्रक्रियेतील नाजूक भाग म्हणजे ‘ईटीसी’ निर्देशिकेतील सेटिंगच्या फाइली. वापरकर्त्याने एखादी फाइल हाताने बदललेली असेल आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असेल, तर कोणती ठेवायची हे पॅकेज व्यवस्थापकाला ठरवता येत नाही. डेबियन कुटुंबात तो थेट प्रश्न विचारतो आणि न स्वीकारलेली प्रत वेगळ्या शेपटाने बाजूला ठेवतो. फेडोरा व रेड हॅटमध्ये न विचारता नवी किंवा जुनी प्रत ‘आरपीएमन्यू’ वा ‘आरपीएमसेव्ह’ या शेपटाने राहते. आर्चमध्ये ‘पॅकन्यू’ हे शेपूट असते. अपग्रेडनंतर या फाइली शोधून जुळवणे हा कामाचाच भाग आहे. तो टाळला, तर महिन्यांनी एखादी सेवा अचानक वेगळी वागते आणि तिचे कारण सापडत नाही.

वितरणांची धोरणे : डेबियन फक्त लगतच्या आधीच्या आवृत्तीवरून अपग्रेडला आधार देते. ११ वरून १३ वर जायचे, तर वाटेत १२ वर थांबावेच लागते. उबंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे प्रमाणित आधार मिळतो. मधल्या आवृत्त्यांना नऊ महिने. एका दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरून थेट पुढच्या तशाच आवृत्तीवर जाता येते, पण हा मार्ग नव्या आवृत्तीची पहिली सुधारित प्रत आल्यावर खुला केला जातो. २४.०४ ची अशी प्रत ऑगस्ट २०२४ मध्ये आली. फेडोराची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते, आधार सुमारे तेरा महिने असतो आणि एक आवृत्ती गाळून पुढच्या आवृत्तीवर उडी मारता येते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या मुख्य आवृत्त्यांमध्ये दीर्घकाळ क्लीन इन्स्टॉलच अपेक्षित असे. आता लीप हे साधन आधी प्रणालीची तपासणी करून अडथळ्यांचा अहवाल देते आणि ते दूर झाल्यावरच अपग्रेड करते. आर्च लिनक्स किंवा ओपनसूसे टम्बलवीड यांना ठरावीक आवृत्त्याच नाहीत. तिथे अपग्रेड अखंड चालू असते. आर्चमध्ये काही पॅकेजे नवी आणि काही जुनी ठेवण्याला आधार नाही. अपग्रेड करायचे ते सगळ्यांचे एकदम.

अपग्रेडने न बदलणाऱ्या गोष्टी : अपग्रेड पॅकेजे बदलते, पण ज्या पायावर ती उभी आहेत तो बदलत नाही. डिस्कची विभागणी, फाइल प्रणाली, डिस्कचे कूटबद्धीकरण आणि ३२ की ६४ बिट ही रचना इन्स्टॉल करताना ठरते, आणि अपग्रेडनंतरही तशीच राहते. फेडोरा ३३ ने ऑक्टोबर २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी बीटीआरएफएस ही आपोआप निवडली जाणारी फाइल प्रणाली केली; पण ३२ वरून अपग्रेड केलेले संगणक ईएक्सटी४ वरच राहिले. डेबियन १२ मध्ये हार्डवेअरच्या फर्मवेअरसाठी भांडाराचा स्वतंत्र विभाग झाला. नव्या इन्स्टॉलरने तो आपोआप जोडला. अपग्रेड करणाऱ्याला मात्र यादीत ती ओळ स्वतः लिहावी लागली. ती राहिली, तर वायफायच्या फर्मवेअरच्या पुढच्या दुरुस्त्या येत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ची दोन उदाहरणे बोलकी आहेत. कर्नल व फर्मवेअरचा आकार वाढल्यामुळे ‘बूट’ पार्टिशन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळी जागा असावी, असे या आवृत्तीच्या टिपणात सांगितले आहे. डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेल्या आणि नंतर अपग्रेड होत आलेल्या संगणकांवर हे पार्टिशन बहुधा लहान असते. दुसरे उदाहरण ३२ बिट संगणकांचे. या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्यामुळे त्यांनी अपग्रेड करू नये. प्रोसेसर ६४ बिट असेल, तर ६४ बिट प्रणाली नव्याने बसवावी, असा डेबियनचाच सल्ला आहे. न पुसता एका रचनेवरून दुसरीवर जाणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, पण ते जोखमीचे मानले जाते.

अपग्रेड कशामुळे फसते : वितरणाने स्वतः बांधलेली पॅकेजे एकमेकांशी जुळतात का, हे आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी तपासलेले असते. बाहेरच्या भांडारांतून घेतलेली पॅकेजे, स्रोतावरून स्वतः बांधून बसवलेले कार्यक्रम, हाताने घातलेले एनव्हिडियाचे ड्रायव्हर यांना ही तपासणी लाभलेली नसते. बहुतेक अपयशांचे मूळ इथे असते. डिस्कमध्ये जागा नसणे, मधेच वीज जाणे आणि अनेक वर्षे अपडेटच न केलेली प्रणाली ही आणखी तीन कारणे. आधार संपलेल्या आवृत्तीची भांडारे मूळ जागेवरून हलवलेली असतात. तिथून पुढे येण्यासाठी आधी जुन्या संग्रहाचा पत्ता घालावा लागतो आणि मग एकेक आवृत्ती चढावी लागते. अशा वेळी क्लीन इन्स्टॉल कमी वेळात होते.

क्लीन इन्स्टॉल : पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू करून मूळ पार्टिशन फॉरमॅट केले, की पूर्वीचे नको असलेले कार्यक्रम, विसरलेल्या सेटिंगा आणि अर्धवट राहिलेले प्रयोग एकदम जातात. हाती येते ती वितरणकर्त्यांनी तपासलेली अवस्था. नवी फाइल प्रणाली, संपूर्ण डिस्कचे कूटबद्धीकरण किंवा वेगळी विभागणी हवी असेल, तर ही वेळ योग्य असते. प्रणालीत कुणी परका शिरल्याची शंका असेल, तेव्हा अपग्रेडने भागत नाही. पुसून नव्याने बसवणे हाच सुरक्षित मार्ग.

याची किंमत नंतरच्या कामात मोजावी लागते. प्रिंटर, वायफायचे पासवर्ड, एसएसएचच्या किल्ल्या, वेळापत्रकावर लावलेली कामे, डेटाबेसमधील नोंदी हे सारे परत उभे करायचे असते. मराठीत काम करणाऱ्याला इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळपाट आयबस या टंकनाच्या साधनात पुन्हा जोडावा लागतो, लोहित देवनागरीसारखे फॉन्ट व वेगळे आणलेले फॉन्ट परत टाकावे लागतात, मराठीचे शुद्धलेखन कोश बसवावे लागतात. यांची यादी आधीच केलेली असेल, तर काम तासाभराचे. नसेल तर ते महिनाभर थोडे थोडे निघत राहते. बसवलेल्या पॅकेजांची यादी एका आज्ञेने फाइलमध्ये काढून ठेवता येते. ती यादी आणि ‘ईटीसी’ निर्देशिकेची प्रत हा पुनर्बांधणीचा आराखडा ठरतो.

‘होम’चे स्वतंत्र पार्टिशन : लिनक्समध्ये वापरकर्त्याची कागदपत्रे व वैयक्तिक सेटिंगा ‘होम’ निर्देशिकेत असतात. तिला स्वतंत्र पार्टिशन दिले, तर मूळ पार्टिशन पुसून नवी प्रणाली बसवताना ‘होम’ला हात लावावा लागत नाही. इन्स्टॉलरमध्ये त्या पार्टिशनवर फॉरमॅटची खूण नाही, याची खात्री मात्र दोनदा करावी. आजची बहुतेक वितरणे पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक देतात, म्हणून जुन्या फाइलींची मालकी बहुधा आपोआप जुळते. रेड हॅट कुटुंबात पूर्वी हा क्रमांक ५०० पासून सुरू होई. तिथल्या जुन्या फाइली नव्या प्रणालीत परक्या दिसतात आणि मालकी हाताने बदलावी लागते. ‘होम’मधील लपलेल्या सेटिंगाही पुढे येत असल्याने, बिघाड तिथेच असेल तर क्लीन इन्स्टॉलनंतरही तो राहतो. नवा वापरकर्ता तयार करून पाहिले, की हे लगेच ओळखता येते.

सर्व्हर : घरच्या संगणकावर एखादी संध्याकाळ गेली तर चालते, पण सर्व्हर बंद राहिला, तर अनेकांचे काम अडते. म्हणून सर्व्हरवर बहुधा तिसरा मार्ग घेतात. शेजारी दुसऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती बसवायची, सेवा व माहिती तिकडे हलवायची, तपासायची आणि मग वाहतूक वळवायची. जुने यंत्र शाबूत असल्याने परतीची वाट खुली राहते. जागच्या जागी अपग्रेड करताना डेटाबेसकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या कोणत्याही मुख्य आवृत्तीचा साठा पुढच्या मुख्य आवृत्तीला थेट वाचता येत नाही. डेबियन १२ मध्ये ती आवृत्ती १५ आहे आणि १३ मध्ये १७. अपग्रेडनंतर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते, पण माहिती जुन्याच साठ्यात राहते. ती वेगळ्या आज्ञेने न्यावी लागते. हे न जाणता जुने पॅकेज काढून टाकले, तर तो साठा वाचणारा कार्यक्रमच उरत नाही.

पुसट होणारी सीमा : दोन पद्धतींमधील अंतर अलीकडे कमी होत आहे. ओपनसूसेमध्ये बीटीआरएफएस आणि स्नॅपर यांच्या साहाय्याने बदलापूर्वी प्रणालीची नोंद घेतली जाते आणि बिघडल्यास सुरू होतानाच जुनी अवस्था निवडता येते. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये मूळ प्रणाली एकसंध प्रतिमा म्हणून येते. नवी प्रतिमा शेजारी तयार होते आणि पुन्हा सुरू केल्यावर लागू होते. जुनी परत निवडता येते. निक्सओएसमध्ये संपूर्ण प्रणालीचे वर्णन लिखित स्वरूपात असते आणि त्यावरून ती हवी तेव्हा पुन्हा उभारता येते. या तिन्हींत अपग्रेडची सोय आणि क्लीन इन्स्टॉलची स्वच्छता बऱ्याच अंशी एकत्र मिळते.

निवड : प्रणाली आधाराच्या मुदतीत आहे, अपडेट नियमित झालेले आहेत, पॅकेजे मुख्यतः वितरणाच्याच भांडारातली आहेत आणि पायाची रचना समाधानकारक आहे, तर अपग्रेड करावे. आवृत्ती अनेक पायऱ्या मागे असेल, बाहेरची पॅकेजे बरीच असतील, फाइल प्रणाली किंवा बिट-रचना बदलायची असेल, सुरक्षेविषयी शंका असेल किंवा वितरणच बदलायचे असेल, तर क्लीन इन्स्टॉल करावे. दोन्हींपूर्वी नव्या आवृत्तीचे टिपण वाचावे आणि माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. त्या प्रतीतील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात; उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भिस्त ठेवता येत नाही. आपला संगणक कोणत्याही दिवशी पुसून पुन्हा उभा करता येईल एवढी तयारी ज्याच्याजवळ आहे, त्याला अपग्रेडची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.