शब्दकोडे सोडवताना : संकेत, घरे आणि ऱ्हस्व-दीर्घ

वृत्तपत्रीय शब्दकोड्याचा आरंभ आर्थर विन यांनी रचलेल्या आणि २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोड्यापासून मानला जातो. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण बसतो. मराठीत मात्र पूर्ण अक्षर बसते. काना, वेलांटी, अनुस्वार यांना वेगळे घर नसते. जोडाक्षरही एकच घर घेते. म्हणून ‘महाराष्ट्र’ चार घरांत, तर ‘विद्यार्थी’ तीन घरांत मावतो.

आरंभ कोठून?
गाळलेल्या जागांचे संकेत आधी सोडवावेत. त्यांत पर्याय क्वचितच असतो. ‘नाचता येईना, — वाकडे’ या म्हणीत ‘अंगण’च हवे. ही पक्की अक्षरे पुढील शब्दांना आधार देतात.

समानार्थी शब्द
येथे घाई नडते. ‘पाणी’ हा संकेत आणि दोन घरे असतील, तर जल, नीर, तोय हे तिन्ही शब्द बसतात. तीन घरे असतील, तर उदक, सलिल, जीवन. कोंकणी नित्य कानावर पडणाऱ्या गोव्यातील वाचकाला ‘उदक’ प्रथम सुचेल. परंतु निर्णय छेदणाऱ्या उभ्या शब्दाचा. मधल्या घरात ‘लि’ आली, की उत्तर ‘सलिल’च.

संकेताचे व्याकरण
संकेत क्रियापद असेल तर उत्तरही क्रियापद, अनेकवचनी असेल तर उत्तरही बहुधा अनेकवचनी. ‘पळणे’ याचे उत्तर ‘धाव’ नव्हे, ‘धावणे’.

ऱ्हस्व-दीर्घाची कसोटी
मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनुसार तत्सम शब्दाच्या अखेरचे इकार-उकार दीर्घ लिहितात; असा शब्द समासाचे पूर्वपद झाला, की मूळचे ऱ्हस्व रूप कायम राहते. म्हणून ‘कवी’, पण ‘कविराज’. ‘बुद्धी’, पण ‘बुद्धिबळ’. ‘कवी’तील ‘वी’पासून उभी ‘वीणा’ निघेल, ‘विहीर’ निघणार नाही. एक वेलांटी चुकली, तर छेदणारा शब्द अडतो आणि चूक तेथेच उघडी पडते.

गोवा, बेळगाव, इंदूर वा हैदराबाद येथे अन्य माध्यमातून शिकलेल्या मराठी भाषकांना शुद्धलेखनाची अशी रोजची तपासणी अन्यत्र सहसा लाभत नाही. म्हणून अडलेल्या शब्दासाठी दुसऱ्या दिवशीच्या उत्तराची वाट न पाहता आधी शब्दकोश उघडावा.