ब्लू पॉपीचे बी: तिबेट ते स्कॉटलंड

हिमालयात आणि त्याच्या पूर्वेकडील पर्वतरांगांत ‘ब्लू पॉपी’ म्हणून ओळखली जाणारी रानफुले अफूच्याच कुळातील असून, ती मेकोनॉप्सिस या प्रजातीत मोडतात. फ्रेंच धर्मोपदेशक देलाव्हे यांना १८८६ मध्ये चीनच्या युनान प्रांतात त्यांतील एक जाती आढळली. पुढे १९१३ मध्ये त्सांगपो नदीचा मार्ग शोधत असताना एफ. एम. बेली यांनी आग्नेय तिबेटात तिच्याशी निकटची जाती पाहिली आणि तिचे फूल टिपणवहीत दाबून आणले. मात्र वाळलेल्या फुलावरून वनस्पतीला नाव देता येते, तिची लागवड करता येत नाही.

ती शक्य झाली १९२४ च्या मोहिमेत फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी आणलेल्या बियांमुळे. उन्हाळ्यात फुललेली झाडे हेरून ठेवायची आणि बोंडे पिकल्यावर, थंडी पडू लागली असतानाही, त्याच जागी परतून बी गोळा करायचे, ही त्यांची रीत होती. या चिकाटीचे मोल त्यांच्या शोधाइतकेच मोठे मानले पाहिजे. या बियांपासून वाढलेली रोपे १९२६ मध्ये इंग्लंडात फुलली, तथापि दक्षिणेकडील कोरड्या, उष्ण उन्हाळ्यात ती टिकवणे अवघड ठरले, तर स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत ती उत्तम रुजली.

बियांनाही असाच गारवा लागतो. खसखशीसारखे बारीक असलेले हे बी उबेत लवकर निकामी होते आणि त्यातील सुप्तावस्था, म्हणजे रुजण्यावरील नैसर्गिक अटकाव, हिमाखालच्या गारव्याने सुटते. म्हणून ते ताजेच, मातीच्या पृष्ठभागावर पसरून, हिवाळाभर उघड्यावरील थंडीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्याच वर्षी आलेली कळी खुडण्याचा सल्लाही अनुभवी माळी देतात, कारण कोवळे रोप फुलले की बहुधा मरते.

१९३० च्या दशकात जॉर्ज शेरिफ यांनी भूतानमधून आणलेल्या मेकोनॉप्सिस ग्रँडिस या जातीशी बागांत संकर होऊन देखणे वाण तयार झाले, परंतु त्यांतील बरेचसे वांझ असल्यामुळे त्यांची वाढ केवळ मुळांच्या फुटव्यांवर चालते. त्यामुळे मूळ जातींचे ताजे बी दरवर्षी धरणे आणि पेरणे, हे आजही या फुलांच्या जतनाचे सर्वांत महत्त्वाचे काम आहे.