स्फुट (वृत्तपत्रीय)

स्फुट : एकाच प्रसंगावर मोजक्या ओळींत रोखठोक अभिप्राय देणारे वृत्तपत्रीय लघुलेखन. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी १९१० साली सुरू करून पुढे नेवासे तालुक्यातील तरवडी या आडगावातून आमरण चालविलेल्या ‘दीनमित्र’ या सत्यशोधक साप्ताहिकात, विशेषतः ‘आसूडाचे फटके’ या सदरात, सावकाराचे व्याज, भिक्षुकाची दक्षिणा व कुळकर्ण्याचे दफ्तर यांवर रयतेच्या बोलीत प्रहार होत, आणि त्यामुळे या प्रकारास विलक्षण धार आली. हाती खिळे जुळविण्याच्या त्या काळी शब्दांची काटकसर सोयीची होती. अशीच काटकसर पुढे २००६ साली निघालेल्या ट्विटरवर दिसली; त्याची पूर्वीची १४० अक्षरांची मर्यादा मोबाइलच्या लघुसंदेशातून आली. तीक्ष्ण, तत्काळ व एककेंद्री अभिप्रायाची रीत मात्र स्फुटकारांनी आधीच रुळविली होती. ट्विटरवरील मजकुराच्या उलट स्फुटाची जबाबदारी संपादकाच्या शिरावर असे, हा भेद मोलाचा आहे.