देवमण, खुंटागाड, सापीण

सारंगखेड्याला तापीकाठी मार्गशीर्षात एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे तिथे येऊन उभे राहतात. घोडा पहिल्यांदाच जवळून पाहणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन हा बाजार फिरावा, म्हणजे आपल्यालाही तो नव्याने दिसतो. माझ्या भाचीला आधी दिसले ते मारवाडी घोड्याचे टोकांशी भिडणारे कान, आणि मग एका व्यापाऱ्याचा हात. त्याने घोडीची हनुवटी उचलली, गळ्याखालच्या केसांवरून अंगठा फिरवला आणि मधोमध वळलेला एक भोवरा दाखवून म्हणाला, "देवमण आहे!" घोडीची किंमत तिथूनच चढायला लागली.

भोवऱ्यांवरून घोडा पारखायची ही रीत बाजारापेक्षा कितीतरी जुनी आहे. शालिहोत्र आणि नकुल यांच्या नावांवर चालत आलेल्या अश्वशास्त्रात भोवऱ्यांना 'आवर्त' म्हणतात. कुठला शुभ, कुठला अशुभ हे शरीराच्या जागेप्रमाणे ठरतं. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ११३०च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'तही घोड्यांची लक्षणं आहेत. त्याच शतकातल्या हेमचंद्राच्या कोशात तर घोड्यांच्या रंगांची विलक्षण नावं भेटतात: खोंगाह, सेराह, क्रियाह. कानाला ती संस्कृत वाटतच नाहीत. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या नावांचा मुद्दाम अभ्यास केला होता.

नावं परकी, कारण घोडाही बाहेरचा. भीमथडीचं तट्टू काटक आणि डोंगराला पक्कं, पण उंचापुरा लढाऊ घोडा दख्खनला समुद्रावाटे अरबस्तान आणि इराणकडून घ्यावा लागे. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकलं, तेव्हा होर्मुझकडून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार त्यांनी हाताशी धरला. विजयनगर आणि विजापूर दोघांनाही तिथूनच खरेदी करावी लागे. मला वाटतं, लक्षणांच्या याद्या टिकल्या त्या यामुळेच. जनावर परमुलखातलं, आईबाप माहीत नाहीत, स्वभाव माहीत नाही. पैसे मोजण्यापूर्वी पाहण्यासारखं काहीतरी गिऱ्हाइकाला हवंच असतं.

शास्त्रातला आवर्त बाजारात आला आणि त्याला घरगुती नावं मिळाली. पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचं तोंड खाली असेल तर तो खुंटागाड: मालकाचा खुंटा जमिनीत रोवणारा, म्हणजे घर स्थिर करणारा. तोंड वर असेल तर खुंटाउखाड, खुंटा उपटणारा. असा घोडा कुणी दारात बांधत नाही. सापीण नावाच्या भोवऱ्याला लोक सगळ्यात जास्त भितात. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असला तर घोडा पंचकल्याणी, आणि तो मात्र सगळ्यांना हवा.

भाचीने सरळ विचारलं, हे खरं असतं का? मालकाचं नशीब भोवऱ्यात नसतं. घोड्याचं वय दातांत असतं: अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे दुधाचे दात पडू लागतात, पाचव्या वर्षी तोंड भरतं, पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात. त्याची ताकद खुरांत, गुडघ्यांत आणि छातीत पाहावी. निव्वळ सापिणीपायी एखादं निरोगी, शहाणं जनावर स्वस्तात पडून राहतं याचं मला वाईट वाटतं. नवख्याने असाच घोडा आधी चालवून पाहावा.

पण म्हणून भोवरा पाहणारे वेडे नव्हते. भोवरा जन्मतःच असतो आणि मरेपर्यंत जागा बदलत नाही. घोडा चोरीला जातो, बदलला जातो. त्याची ओळख पटवायला असली खूण फार कामाची. अकबराच्या फौजेत घोड्याला डाग देत आणि त्याचं वर्णनही लिहून ठेवत, म्हणजे हजेरीच्या दिवशी उसन्या तट्टावर बसून कुणाला पगार उचलता येऊ नये. आज परदेशांतल्या स्पर्धांत उतरणाऱ्या घोड्याला पासपोर्ट असतो. त्यात घोड्याची रेखाकृती छापलेली असते. पशुवैद्य तिच्यावर पांढरे पट्टे लाल शाईने दाखवतो आणि प्रत्येक भोवऱ्याच्या जागी काळी फुली मारतो. देवमण असो की सापीण, फुली सारखीच.