बंड गार्डनमध्ये बंड कोणी केलं?

आज जरा नदीकाठी जाऊया.

लहानपणी 'बंड गार्डन' ऐकलं की मला वाटायचं, इथे इंग्रजांविरुद्ध कुणीतरी बंड केलं असणार. इंजिनिअर झालो तरी हा गैरसमज तसाच होता. खरं म्हणजे हा बंड आपल्या 'बंधाऱ्या'चा नातेवाईक. 'बंद', 'बांध' यांच्या कुळातला शब्द इंग्रजांनी उचलला, 'बंड' असा लिहिला आणि तोच आपण परत घेतला. अर्थ मात्र वाटेत हरवला.

तो बंधारा आजही तिथेच आहे, मुळा-मुठेवर, येरवड्याजवळ. पाण्याची सोय व्हावी म्हणून १८५० च्या सुमारास तो बांधला गेला. खर्चाचा मोठा वाटा उचलला सर जमशेटजी जीजीभाई यांनी. मुंबईतलं जे. जे. हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, तेच हे जे. जे. त्यांची संपत्ती चीनशी केलेल्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून आली होती. म्हणजे पुण्यातल्या या शांत जागेच्या हिशोबात चीनमधल्या व्यसनाचाही आकडा आहे. दानशूर होते, यात शंका नाही. पण दोन्ही गोष्टी एकदमच सांगायला हव्यात.

आता गंमत बघा. बंधारा बांधला पाण्यासाठी. पण पाणी अडलं, नदी रुंद आणि संथ झाली, आणि काठावर बसावंसं वाटायला लागलं. मग बाग आली. १८६० च्या दशकात शेजारी दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल आला. १८६८ मध्ये बोट क्लब निघाला, 'बोट क्लब रोड' हे नाव त्याचंच. म्हणजे बाग कुणाच्या मूळ प्लॅनमध्ये नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर बाय-प्रॉडक्ट! पुढे १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, कालव्याने पाणी यायला लागलं आणि बंधाऱ्याचं मूळ काम मागे पडलं. बाय-प्रॉडक्ट तेवढं उरलं.

परवा रविवारी सकाळी सातला तिथे गेलो. मोठी झाडं, चालायला आलेले आजी-आजोबा, पाण्याकडेला बगळे. ट्रॅफिकचा आवाज लांबून. छान वाटलं. मग वारा फिरला आणि नाकाला रुमाल लावावा लागला. शेजारच्या बाकावरचे काका हसून म्हणाले, "नवीन दिसताय. आम्ही वाऱ्याची दिशा बघून बाक निवडतो."

मी पण हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या पाण्यामुळे ही बाग झाली, त्याच्याकडे पाठ करून बसायची वेळ आलीय. सध्या पुण्यात नदीकाठ सुधारण्याचं काम चालू आहे, एकूण ४४ किलोमीटरचं. फरशी, पायऱ्या, दिवे होतील. पण १८५० च्या सुमारास आधी पाणी होतं, बाग नंतर आली. क्रम उलटा केला तर काठ चकचकीत होईल, आणि काका बाक निवडताना वाराच बघत राहतील.

पुण्यात असाल तर एकदा जाऊन या. बागेत फोटो काढालच, पण पाच मिनिटं तो बंधाराही बघा. आणि कुणी विचारलं, इथे बंड कोणी केलं, तर आता सांगता येईल.

भेटू पुढच्या भागात!